धोटा आणि वकीलपत्र



आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावचं नाव निघालं की २१ आणि २२ मार्च १९२० ची परिषद आठवते. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं राजर्षी शाहू महाराजांनी तिथे जमलेल्यांना सांगितलं. अध्यक्षस्थानी होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. तेव्हा ते बॅरिस्टर नव्हते, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली होती. शाहू महाराजांनी मात्र आपल्या संस्थानात अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा देऊन टाकल्या होत्या. दाद मागायची तर कोर्टात आपला माणूस हवा, हे महाराजांनी ओळखलं होतं.

संविधानाचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब आपल्या तोंडपाठ आहेत. वकील आंबेडकर त्यामानाने बाजूला राहिले. १९२३ साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेच्या पैशांसाठी मित्र नवल भथेना मदतीला आले. मोठे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम कुठून धाडणार? पक्षकार यायचे ते बहुतेक गरीब.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी तो लावला, पहिले प्रतिवादी खुद्द आंबेडकर. तळं खासगी आहे, अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार चाल आहे, असं वादींचं म्हणणं. मग पूर्वापार म्हणजे कधीपासून, पुरावा दाखवा! तो काही दाखवता आला नाही. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही वादींच्या विरुद्ध निकाल दिला. सत्याग्रहाचा फोटो काढता येतो, नऊ वर्षांच्या तारखांचा नाही. म्हणून ही बाजू विस्मरणात गेली, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट इचलकरंजीकरांना चटकन कळेल. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत विणकर तोंडाने ओढून घ्यायचा. मुंबईच्या गिरण्यांत एवढ्याच कारणावरून अस्पृश्य कामगाराला साच्यावर उभं करत नसत. पगार बरा तो विणाई खात्यात, आणि तिथेच त्याला बंदी. हा अडसर मालकाइतकाच शेजारच्या कामगाराचा होता! १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनपुढे ठेवला आणि नाखुशीने का होईना, तो मागण्यांत घ्यावा लागला.

अमेरिकेत चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलापुढे असाच पेच होता. रेल्वे इंजिनात कोळसा टाकणाऱ्या काळ्या कामगारांना गोऱ्यांची युनियन सभासद करून घेत नव्हती, पण त्यांच्याही वतीने कंपनीशी करार करत होती, तोही त्यांच्या नोकऱ्या जातील असा. १९४४ मध्ये ह्यूस्टन सर्वोच्च न्यायालयात जिंकले. सर्वांच्या वतीने बोलायचं असेल तर सर्वांशी न्यायाने वागा, असं न्यायालयाने युनियनला बजावलं. ह्यूस्टन आणि आंबेडकर कधी भेटले का, याला महत्त्व नाही. मानाचा दावा आणि भाकरीचा दावा वेगळे लावता येत नाहीत, हे दोघांना कामातूनच कळलेलं होतं. १९४६ मध्ये आंबेडकरांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकी काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. एका वकिलाने दुसऱ्याचा मसुदा मागवावा, तसंच हे.

१९४२ ते ४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची, त्यामागे त्यांचंच खातं. आपल्याकडच्या यंत्रमागाच्या अनेक शेडमध्ये मात्र पाळी अजून बारा तासांचीच. कागदावर माणसं ठरावीक आकड्याच्या आत ठेवली की कारखान्यांसाठीचा कायदा तिथे लागूच होत नाही. इचलकरंजीच्या कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्या तरुण मुलामुलींनी या आकड्याकडे एकदा वकिलाच्या नजरेने बघावं.