स्वागताध्यक्षांचे भाषण : मंदगती इलेक्ट्रॉन परिषद, मुरुड



मुरुडनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. आधीच सांगतो, हे जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, लातूर तालुक्यातलं. दोन पाहुणे पोहण्याचे कपडे घेऊन आलेत असं कानावर आलं. समुद्राची सोय आमच्याकडून होणार नाही, क्षमस्व.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात. पण मुरुडची खरी दौलत म्हणजे बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली अडीच फुटी रुळांवर बार्शीला गाडी आणली. प्रत्येक आसावर सारखाच, पाच टनांचा भार, ही त्यांची युक्ती. १९११ साली गाडी मुरुडवरून लातूरला पोचली. पुढं रूळ रुंद झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत गाडी निघाली, ती याच मार्गानं. कॅलथ्रॉपसाहेबांचा साधा फोटोही आमच्या गावात नाही, तो लागलाच पाहिजे.

आता आपला विषय. मी आडत दुकानदार, मला समजलं तेवढं सांगतो. हवेचा रेणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे पन्नास हजार पट जड. म्हणून बाजारादिवशी गर्दीत सापडलेल्या पोरासारखा इलेक्ट्रॉन धक्के खात, भरकटत पुढं सरकतो. दिवसा साठ-नव्वद किलोमीटर उंचीवर रेडिओच्या लहरी त्याला हलवतात, तो त्यांची शक्ती धडकांत उधळतो. रात्री तिथले इलेक्ट्रॉन बहुतेक नाहीसे होतात. म्हणून दिवसा खरखरणारं मुंबई केंद्र रात्री आमच्या ओट्यावर खणखणीत लागायचं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात रडार बसवून याच इलेक्ट्रॉनांवरून वरचे वारे मोजले गेले. पुढचं यंत्र मराठवाड्यात बसवा, जागा आम्ही देतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत. मुक्काम वसतिगृहात, आंघोळीचं पाणी बादलीनं, आणि वीज गेली तर जनरेटर सुरू होईस्तोवर कृपया आपला मुद्दा धरून ठेवावा. तूरडाळ देणारे व्यापारी, ज्वारी देणारे शेतकरी, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, भाडं न घेणारे मंडपवाले आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देऊन ते चार जणांना सांगणारे सद्गृहस्थ, सर्वांचे आभार.

चर्चा कितीही रंगली तरी एक वाजता जेवायला उठा. भाकरी गरम आहे तोवरच तिची गोडी.