खलनायकाचं गाव कोणतं?

विज्ञानसाहित्याच्या व्यासपीठावर एक रडगाणं वर्षानुवर्षं गायलं जातं. समीक्षक आपल्याला वाळीत टाकतात, पाठ्यपुस्तकवाले आपल्याला मुलांच्या कोपऱ्यात बसवतात, पुरस्कारवाले आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. 2021 साली नाशिकच्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे गेलं, तेव्हा तरी ही तक्रार थांबायला हवी होती. ती थांबली नाही, कारण तक्रार करणं कथा लिहिण्यापेक्षा सोपं असतं. या खुर्चीवरून आज ते रडगाणं ऐकायला मिळणार नाही. आज भांडण घरातल्यांशी आहे.

मराठी विज्ञानकथेत धूमकेतू पृथ्वीवर चाल करून येतो, हिमयुग येतं, कृष्णविवर येतं, बिघडलेला यंत्रमानव येतो. माणूस मात्र शत्रू म्हणून क्वचितच येतो, आणि आला तर लोभी उद्योगपती किंवा माथेफिरू शास्त्रज्ञ होऊन, शेवटच्या दोन पानांत पोलिसांच्या ताब्यात जाण्यापुरता. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तर रणांगणही आहे. विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि इतिहास दुसऱ्या फाट्याला लागतो. कल्पना फक्कडच आहे. पण कथेचं सगळं लक्ष त्या फाट्याकडे असल्याने अब्दालीच्या मनात शिरायची तिला गरज पडत नाही. नारळीकरांना ती पडली नाही, ठीक. त्यांच्यामागून लिहिणाऱ्या दोन पिढ्यांनाही पडू नये?

म्हणून आज एका खलनायकाची बाजू मांडायची आहे. तो परका आहे, अमेरिकन दूरचित्रवाणीने घडवलेला आहे, आणि नावाने आपल्या उपखंडातला आहे: खान नूनियन सिंग. खान आणि सिंग एकाच नावात कसे, हे लुधियानातला शाळकरी पोरगाही विचारील. ‘स्टार ट्रेक’च्या लेखकांना कोणी विचारलं नसावं.

16 फेब्रुवारी 1967 रोजी एनबीसी वाहिनीवर ‘स्पेस सीड’ हा भाग दाखवला गेला. एंटरप्राइज यानाला अंतराळात एक जुनं, भरकटलेलं जहाज सापडतं. आत माणसं दोन शतकांहून अधिक काळ गोठवलेल्या झोपेत आहेत. त्यांचा म्होरक्या जागा होतो. तो निवडक पैदाशीतून घडवलेला अतिमानव, 1992 ते 1996 या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव पृथ्वीहून अधिक भागावर राज्य केलेला हुकूमशहा. 1967 च्या प्रेक्षकाला 1992 म्हणजे दूरचं भविष्य होतं.

त्याच्या जागं होण्याचा प्रसंग प्रत्येक नवोदित लेखकाने दहादा पाहावा. दवाखान्याच्या भिंतीवर जुन्या काळातली शस्त्रक्रियेची हत्यारं शोभेला लावलेली आहेत. खान डोळे उघडतो, उठतो, त्यातली एक सुरी काढतो आणि पुन्हा निजल्याचं सोंग घेतो. डॉक्टर मॅकॉय वाकून तपासायला लागतात तोच त्यांचा गळा खानाच्या मुठीत आणि सुरी मानेवर. डॉक्टर घाबरत नाहीत. गळा दाबणार आहेस की चिरणार आहेस ते एकदा ठरव, असं त्याला सुनावतात, आणि चिरायचाच असेल तर डाव्या कानाखालची धमनी सोयीची पडेल, असा वैद्यकीय सल्लाही देतात. खान सुरी खाली घेतो. धाडसी माणूस त्याला आवडतो. मिनिटाभराच्या या प्रसंगात एकही विशेषण न वापरता कळतं की हा क्रूर आहे, सावध आहे आणि त्याला माणसांची पारख आहे.

पुढची बैठक त्याहून सरस आहे. हा माणूस कोण, हे कळल्यावर यानाचा कप्तान कर्क, अभियंता स्कॉटी आणि मॅकॉय त्याच्याबद्दल चक्क कौतुकाने बोलू लागतात. हुकूमशहांमधला त्यातल्या त्यात बरा, त्याच्या राज्यात कत्तली झाल्या नव्हत्या, वगैरे. त्यांचा सहकारी स्पॉक याला हे ऐकवत नाही. स्वातंत्र्यही फारसं नव्हतं, याची तो आठवण करून देतो. खलनायकाच्या आकर्षणाची सगळी चर्चा कथेने स्वतःच, नायकांच्या तोंडून करून टाकली. समीक्षकाला करायला काही ठेवलंच नाही.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण इथे आपल्यातल्या दोन गटांशी भांडण आहे. एक गट म्हणतो, बघा, अमेरिकन माणसाने शीख योद्ध्याला अतिमानव केलं, केवढा सन्मान! दुसरा गट म्हणतो, बघा, अमेरिकन माणसाने भारतीयाला हुकूमशहा केलं, केवढा अपमान! दोघांनीही कथेचे कच्चे खर्डे वाचलेले नाहीत. केरी विल्बर यांच्या मूळ कल्पनेतला खलनायक होता हॅरल्ड एरिक्सन, म्हणजे उत्तर युरोपातला गोरापान वीर. पुढच्या खर्ड्यात तो रॅग्नार थॉरवाल्ड झाला, तोही त्याच गोतावळ्यातला. सरतेशेवटी भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांच्याकडे आली आणि तो सिंग झाला. पडद्यावर त्याच्या शीखपणाचा पुरावा काय? यानावरच्या इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स त्याला पाहून अंदाज करतात की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, आणि नंतर त्याचं पगडीतलं चित्र काढतात. बस. पंजाब नाही, भाषा नाही, धर्म नाही, घर नाही.

आणि ही बदली साधी नव्हती. निवडक पैदाशीतून श्रेष्ठ वंश घडवायचं खूळ अमेरिकेतही जोरात होतं. इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा 1907 सालीच केला, आणि 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा तसाच कायदा उचलून धरला. त्या खुळाचा आदर्श पुरुष गोरा, उत्तर युरोपीय वळणाचा होता. भारतीय माणूस त्या यादीत कुठे बसत होता, तेही नोंदलेलं आहे: 1923 साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख माणसाला गोरा मानायला नकार देऊन नागरिकत्व नाकारलं होतं. म्हणजे एरिक्सन हा त्या पापाचा अस्सल वारस होता. त्याच्या जागी सिंग आला आणि ज्या खुळाने ज्याला हीन ठरवलं होतं, त्याच्याच नावावर ते खूळ चढलं. लेखकांनी हे कपटाने केलं असं म्हणण्याचं कारण नाही. नट बदलला, नाव बदललं, शुक्रवारपर्यंत संहिता द्यायची होती, असाच कारभार असतो तो. पण परिणाम परिणामच.

असंच एकदा शंभर वर्षांआधीही घडलं होतं. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोला भा. रा. भागवतांमुळे मराठी घरांत पोरं ओळखतात. 1870 च्या कादंबरीत पाणबुडीतून जहाजं बुडवत फिरणारा हा माणूस व्हर्नला मुळात पोलिश करायचा होता, रशियनांवर सूड उगवणारा. प्रकाशक हेत्झेल यांना रशियातली विक्री गमवायची नव्हती. मग निमो बिनगावाचा राहिला, आणि पुढच्या ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये कळलं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यातला. दोन्ही वेळा भारतीय माणूस संपादकाच्या टेबलावर जन्माला आला. फरक एवढाच की व्हर्नने त्याला 1857 दिलं. इंग्रजांविरुद्धचं युद्ध दिलं, त्यात मारलेलं कुटुंब दिलं. जहाज बुडताना निमो कोणावर सूड घेतो आहे, ते वाचकाला ठाऊक असतं. खानाच्या वाट्याला 1967 साली नुसती पगडी आली, तीही चित्रात.

मग हा खान साठ वर्षं टिकला कसा?

त्याचं उत्तर 4 जून 1982 ला, दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात मिळालं. 1979 चा पहिला ‘स्टार ट्रेक’ चित्रपट अफाट खर्चिक आणि तितकाच थंड निघाला होता. दुसऱ्याला सुमारे सव्वा कोट डॉलरच्या आतबाहेर भागवायचं होतं. निर्माते हार्व्ह बेनेट यांनी मालिकेचे सगळे जुने भाग बसून पाहिले आणि त्यातून ‘स्पेस सीड’ उचलला. दिग्दर्शक निकोलस मेयर. माँटलबान तेव्हा ‘फँटसी आयलंड’ मालिकेत पांढऱ्या सुटातले, पाहुण्यांचं हसून स्वागत करणारे यजमान म्हणून घरोघरी ठाऊक होते. जुना खान पुन्हा गवसावा म्हणून त्यांनी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला. पडद्यावरची ती उघडी, दणकट छाती खोटी आहे अशी आवई अनेक वर्षं उठत राहिली. ती साठी ओलांडलेल्या नटाची स्वतःचीच होती, हे मेयर सांगत राहिले.

पण छातीने खलनायक मोठा होत नाही. या चित्रपटाने खानाला ती गोष्ट दिली जी 1967 ने दिली नव्हती: रास्त तक्रार. कर्कने त्याला आणि त्याच्या माणसांना सेटी अल्फा पाच या ग्रहावर वसायला सोडलं होतं. सहा महिन्यांत शेजारचा ग्रह फुटला, यांच्या ग्रहाची कक्षा हलली आणि हिरवी जमीन वाळूचं वादळ होऊन बसली. माणसं मेली. खानाची बायकोही मेली. कर्कने पंधरा वर्षांत एकदाही फिरकून पाहिलं नाही. ज्याच्या शौर्याच्या गोष्टी आपण ऐकत आलो, त्या नायकाने एक साधी चौकशी केली नाही. प्रेक्षक अडचणीत येतो तो इथे.

त्या उजाड ग्रहावरच्या खानाच्या कोठीत मोजकी पुस्तकं दिसतात. मेल्व्हिलचं ‘मोबी डिक’, मिल्टन, दान्ते, ‘किंग लियर’. पंधरा वर्षं तीच वाचत बसलेल्या माणसाची भाषा पुढे ‘मोबी डिक’मधल्या आहॅब कप्तानासारखी होते. त्याचा तरुण सहकारी जोकिम त्याला समजावतो की आता जहाज हाती आहे, आपण मोकळे आहोत, जाऊ कुठेही. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. खान ऐकत नाही, आणि पुढे हाच जोकिम त्याच्या हातांवर जीव सोडतो. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे कर्क आणि खान अख्ख्या चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत. जे काही होतं ते पडद्यांवरून, रागाने भरलेल्या दोन चेहऱ्यांमध्ये. तरीही ते वैर अमेरिकन पडद्यावरच्या नावाजलेल्या वैरांत गणलं जातं.

योगायोग असा की ‘स्पेस सीड’ आला त्याच 1967 साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, आणि मराठी वाचक चुकीच्या बाजूने लढणाऱ्या योद्ध्यावर जीव ओवाळून टाकू लागला. कर्णाची तक्रार रास्त आहे, हे पटल्याशिवाय ती कादंबरी पुढे सरकत नाही. म्हणजे रसिकता आहे. विज्ञानकथेच्या दारात ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली जाते, एवढंच.

वारशाचं काय झालं, तेही पाहायला हवं. 2013 साली जे. जे. एब्रॅम्स यांच्या ‘इन्टू डार्कनेस’मध्ये खान झाला बेनेडिक्ट कंबरबॅच, गोरा इंग्रज. आधी जॉन हॅरिसन या नावाने, मग मध्यावर आपण खान असल्याचं तो जाहीर करतो, तेव्हा शाहरुखचा चित्रपट पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला हसू आवरत नाही. सावळ्या माणसाची भूमिका गोऱ्याला दिली म्हणून ओरड झाली. बचाव असा झाला की लंडनमध्ये स्फोट घडवणारा माणूस सावळा दाखवायचा नव्हता. या बचावाला हसून चालणार नाही. आदल्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात शीख भाविकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पण मग हॅरिसनला हॅरिसनच राहू द्यायचं होतं! नाव खानाचं, रक्त खानाचं, आणि त्याचा भूतकाळ मात्र दोन वाक्यांत आटोपलेला. उरला तो थंड आवाजाचा ताकदवान इसम. चित्रपट संपला की तो विसरता येतो.

उलट काही जणांनी त्याला मुळं द्यायचा प्रयत्न केला. ग्रेग कॉक्स यांच्या 2001-02 च्या कादंबऱ्यांत पोरसवदा खान 1984 च्या दिल्लीत, शीखविरोधी दंगलीत सापडतो. साहित्य म्हणून त्या थोर नाहीत. पण जगावर राज्य करण्याची हाव या पोराच्या मनात कुठून शिरली असेल, याचं उत्तर त्यांनी खऱ्या रस्त्यावर शोधलं. 2025 च्या ‘खान’ या श्राव्यमालिकेत त्याचा आवाज आहे नवीन अँड्र्यूज यांचा. भारतीय वंशाच्या नटाकडे हे पात्र यायला जवळपास सहा दशकं लागली. आणि माँटलबान? लॅटिन अमेरिकी माणसांना चोर-दरोडेखोरांपलीकडच्या भूमिका मिळाव्यात म्हणून त्यांनी 1970 सालीच ‘नोसोत्रोस’ ही संघटना उभी केली होती. तोच नट खलनायक म्हणून अजरामर झाला. त्यांना हवी होती ती प्रतिष्ठा, आणि संहितेने दिली नव्हती ती त्यांनी आपल्या उच्चारांतून आणि ताठ मानेतून खानाला दिली.

आता या सभागृहातल्या परीक्षकांना, संपादकांना आणि कार्यशाळा घेणाऱ्यांना थेट सांगणं आहे. विज्ञानकथेने वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवावा, म्हणून खलपात्राची बाजू फार पटेल अशी मांडू नये, असा सल्ला नवोदितांना देणं बंद करा. ‘स्टार ट्रेक’ही प्रबोधनच करत होती, आणि तरी तिने स्पॉकच्या तोंडचा मुद्दा आणि स्कॉटीच्या मनातलं कौतुक एकाच टेबलावर बसवलं. पुढच्या कथास्पर्धेत एखाद्या पोराने बीडच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाला अंतराळातला बंडखोर सेनापती केलं, त्याची तक्रार खरी ठेवली, त्याचा सूड भयंकर ठेवला आणि शेवटी त्याला हरवताना नायकाची मान खाली जाऊ दिली, तर ती कथा ‘संदेश स्पष्ट नाही’ असा शेरा मारून परत पाठवू नका. तसा शेरा मारायचाच असेल, तर खाली सही करून मारा. कोणी मारला ते वाचकांना कळू द्या.