व्हिसाविना प्रवेश : हक्क की सवलत ?

पारपत्र हाती आले म्हणजे जग खुले झाले, असा आपल्याकडे समज आहे. तो अर्धाच खरा. परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. मात्र तो हक्क निघण्याचा, शिरण्याचा नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील १३ वे कलमही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचाच हक्क मानते.

१९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजातून ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी, व्हँकूव्हरला पोहोचले. ते ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन. तरी कॅनडाने त्यांना दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून बहुतेकांना परत धाडले. साम्राज्याची एकता बंदरातच संपली म्हणावयाची !

नेपाळला आपण व्हिसाविना जातो, त्यामागे १९५० चा मैत्रीकरार आहे. अन्यत्र मिळणारी मुभा बहुधा पर्यटनापुरतीच असते आणि सीमेवरील अधिकारी तीही नाकारू शकतो. “व्हिसा लागत नाही, उतरताच नोकरी,” असे सांगत कोणी दलाल गावात आला, तर ग्रामपंचायतीने प्रथम त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडील नोंदणी पाहावी. ती नसल्यास पोलिसांना कळवावे.