पिवळा दिवा आणि प्रयोगवही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, पंधरा मिनिटं काहीतरी तांत्रिक बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." या दोन्ही अटींत बसणारा एकच विषय माझ्याकडे आहे. तो सॉफ्टवेअरचा नाही, माझ्या जुन्या गाडीचा आहे. पण त्याचा शेवट आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून सांगायचं धाडस करते.

मी कॅलिफोर्नियात राहते. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी चालत होती, आवाज नाही, धूर नाही. मी इंजिनिअर, त्यामुळे गॅरेजवाल्याकडे जाणं कमीपणाचं वाटलं. हातात मावणारा एक स्कॅनर विकत आणला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला. त्यानं कोड दाखवला: पी०४५६. अर्थ असा, की पेट्रोलची वाफ जिथे कोंडून ठेवलेली असते त्या यंत्रणेत अगदी बारीक गळती आहे.

ही यंत्रणा आधी थोडक्यात सांगते. पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असतं. ती वाफ हवेत सोडायची नाही म्हणून टाकी बंद ठेवतात आणि वाफ एका डबीकडे वळवतात. डबीत सक्रिय कोळसा असतो. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. हा कोळसा वाफ धरून ठेवतो. गाडी चालू झाली की एक झडप उघडते, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. दुसरी झडप डबीत बाहेरची ताजी हवा येऊ देते. टाकीचं झाकण, काही रबरी नळ्या, दोन झडपा, डबी आणि दाब मोजणारा सेन्सर, एवढाच हा संसार. त्यात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पडलं तरी गाडीला ते कळावं, अशी तिथल्या नियमांची अपेक्षा असते.

एवढी काटेकोर तपासणी का, तर लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. डोळे चुरचुरायला लावणारं ते धुरकं येतं कुठून, याचा शोध १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञानं लावला. जळलेल्या पेट्रोलचा धूर आणि न जळता उडालेली पेट्रोलची वाफ यांच्यावर ऊन पडलं की हवेत ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९७० पासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना वाफ कोंडणं सक्तीचं झालं. आणि गाडीनं स्वतःची तपासणी स्वतः करून दिवा लावायचा, हा आजचा नियम अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला १९९६ च्या मॉडेलपासून. म्हणजे आपण दहावीची परीक्षा देत होतो त्या वर्षी तिकडे गाड्यांची परीक्षा सुरू झाली. फरक एवढाच, की गाड्यांना पेपर स्वतःच तपासायचा होता.

आता माझी करामत ऐका. कोड पाहिला आणि ठरवून टाकलं, झाकणाचं रबर गेलं असणार. बहुतेक वेळा तेच असतं म्हणे. नवीन झाकण लावलं, स्कॅनरवरचं बटण दाबून कोड पुसला. दिवा गेला. मी खूश. तीन आठवड्यांनी दिवा परत आला. परत पुसला. परत आला. मग ती सवयच झाली. दिवा लागला की बटण दाबायचं. असे पाच महिने काढले.

दिवा मधले तीन आठवडे जायचा, म्हणून मला वाटायचं बिघाड किरकोळ आहे, येतो जातो. खरी गोष्ट वेगळी होती. ही तपासणी गाडी रोज करतच नाही. टाकी फार भरलेली नको, फार रिकामी नको, गाडी काही तास उभी राहिलेली हवी, हवा फार थंड किंवा फार गरम नको. सगळं जुळून आलं तरच तपासणी होते, आणि लागोपाठ दोन वेळा नापास झाल्याशिवाय दिवा लागत नाही. कोड पुसला की आधीचा सगळा हिशेब शून्यावर. म्हणजे ते तीन आठवडे गाडी बरी नव्हती. तिची परीक्षाच व्हायची होती. आणि निकाल लागला रे लागला की मी तो फाडून टाकत होते.

त्याच सुमारास आई माझ्याकडे राहायला आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातचे पोहे खाल्लेत. तिची खोली गॅरेजला लागून. आठवड्याभरात म्हणाली, "अगं, पेट्रोलचा वास येतो." मी म्हटलं, "आई, गॅरेज आहे, वास येणारच." चार दिवसांनी पुन्हा तेच. मी जरा चिडूनच सांगितलं, की काही बिघडलं असतं तर दिवा लागला असता. तो दिवा आदल्याच रविवारी मी माझ्या हातानं विझवला होता, हे बोलताना माझ्या लक्षातही आलं नाही.

आई गप्प बसली नाही. म्हणाली, "रोज नाही येत. तू पेट्रोल भरून येतेस त्या रात्री येतो. दोन दिवसांनी कमी होतो."

त्या रात्री मी पहिल्यांदा गॅरेजमध्ये जाऊन नीट उभी राहिले. वास होता. आणि कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब होता, आत ज्योत असलेला. तिकडे असे बंब गॅरेजमध्ये दीड फूट उंचावर बसवतात. कारण हेच, की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, ती ज्योतीपर्यंत पोहोचू नये. हा नियम मला माहीत होता. त्या भिंतीपलीकडे आई झोपते हेही माहीत होतं. या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी बंब बंद केला, गॅरेजचं दार हातानं उघडलं, गाडी ढकलून बाहेर रस्त्यावर काढली आणि सकाळपर्यंत जागी राहिले.

सकाळी गाडी टो करून मेकॅनिककडे नेली. वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी स्कॅनरला हातही लावला नाही. आधी विचारलं, वास कधी येतो? मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मग गळती टाकीच्या वरच्या बाजूला शोधू या.

त्यांनी धुराचं यंत्र आणलं. खनिज तेल तापवून पांढरा धूर करायचा आणि तो नायट्रोजनबरोबर यंत्रणेत सोडायचा. दाब अगदी कमी, सायकलच्या ट्यूबमधल्या हवेपुढे नगण्य. जास्त दिला तर धडधाकट भागच फाटायचे. साधी हवा वापरत नाहीत, कारण आत पेट्रोलची वाफ असते. मग बॅटरी हातात घेऊन बघत बसायचं. झाकणाशी धूर नाही. डबीशी नाही. नळ्यांशी नाही. मागची सीट उचलली. तिथे टाकीत पेट्रोलचा पंप बसवलेला असतो. पाचेक मिनिटांनी पंपाच्या कडेनं उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. आतली रबरी रिंग वयानं कडक होऊन चिरली होती. टाकी भरली की पेट्रोल त्या चिरेच्या अगदी जवळ येई, म्हणून भरलेल्या दिवशी वास जास्त. आईचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. माझं झाकण बिचारं निर्दोष होतं.

मला आपल्या शाळेच्या फाटकासमोरचं पंक्चरचं दुकान आठवलं. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवायची आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचं. तिथे कुणी अंदाजानं ठिगळ लावत नव्हतं.

पण त्याहून जास्त आठवल्या आपल्या विज्ञानाच्या बाई. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ऑक्सिजन तयार करण्याच्या प्रयोगाआधी तुम्ही आम्हाला काय करायला लावायचात? उपकरण हवाबंद आहे का ते तपासायला. वाहक नळीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि चंबू दोन्ही तळव्यांत धरून थांबायचं. हाताच्या उबेनं आतली हवा प्रसरण पावते, नळीतून बुडबुडे येतात. हात काढले की हवा थंड होते आणि पाणी नळीत वर चढतं. बूच गळत असेल तर यातलं काहीच होत नाही. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. पुढे कळलं, की पुष्कळ गाड्या नेमकं हेच करतात. इंजिन बंद झालं की झडप मिटते आणि गाडी वाट बघते. टाकी आधी उबेनं फुगते, मग थंड होताना आत ओढ निर्माण होते. दाब बदलला तर सगळं हवाबंद. नाही बदलला तर कुठेतरी गळती. तुमचे तळवे आणि चंबू, बाई, फक्त कॉम्प्युटरच्या हातात.

प्रयोगवहीत चार मथळे असायचे: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपण काय करायचो, ते आज बाईंसमोर कबूल करू या. निरीक्षणाची जागा कोरी सोडायचो आणि मागच्या वर्षीच्या वहीतून अनुमान उतरवायचो. मी पाच महिने गाडीच्या बाबतीत तेच केलं. हातात यंत्र होतं, पदवी होती, म्हणून निरीक्षणाची गरज वाटली नाही. निरीक्षण केलं आईनं, नुसत्या नाकानं, तारीखवार. आणि मी ते खोडून काढलं. माझ्या नोकरीत सर्व्हर बंद पडला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, सूचनेचा आवाज कुणी बंद केला? घरात तो मीच बंद केला होता.

तुमच्या उपयोगाचं दोन मिनिटांत सांगते. पेट्रोल पंपावर नळी एकदा खट् करून थांबली की पुरे. "राउंड फिगर करा" म्हणून वरून ओतायला लावू नका. जादा पेट्रोल कोळशाच्या डबीत शिरलं तर डबी निकामी होते. आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही ही डबी असते. झाकण नीट आवळा. इंजिनाचा दिवा लागला तर कोड जरूर वाचा, पण कारण सापडल्याशिवाय पुसू नका. आणि बंद पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आला तर दारं उघडा, ठिणगी टाळा, आणि वास कधी येतो, कधी जातो ते लिहून ठेवा. मेकॅनिकला तुमच्या निदानापेक्षा त्या नोंदीचा जास्त उपयोग होईल.

रिंग बदलल्यावर मेकॅनिकनी मला बजावलं, आता दिवा तू घालवू नकोस, गाडीलाच घालवू दे. बिघाड खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन वेळा तपासणीत पास झाल्यावर दिवा आपोआप विझतो. मी स्कॅनर कपाटात ठेवला. रोज सकाळी किल्ली फिरवायची आणि दिवा आहे का बघायचा. आई खिडकीतून खुणेनं विचारायची, मी खुणेनं सांगायचे, आहे. जवळजवळ महिना गेला. एका सकाळी किल्ली फिरवली आणि दिवा नव्हता. त्या दिवशी मी टाकी भरून आणली आणि रात्री आईला विचारलं, वास येतो का? ती गॅरेजमध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिली आणि मगच नाही म्हणाली.

बाई, निरीक्षणाचा रकाना तीस वर्षं उशिरा का होईना, भरला आहे. तपासून सही द्यावी.