वर्षाचा वाचननेम आणि अद्भुत कादंबऱ्या



वर्षारंभी "यंदा पन्नास पुस्तके वाचीन" असा संकल्प सोडणारी मंडळी अलीकडे पुष्कळ भेटतात. संकल्प चांगलाच आहे. परंतु आकडा गाठावयाचा म्हटला की माणूस बारीक पुस्तके शोधू लागतो आणि जाडजूड पुस्तकाला भितो. या भीतीचा पहिला बळी म्हणजे अद्भुत कादंबरी. एक तर ती बहुधा लांबलचक, त्यात "ही पोरांची करमणूक, शहाण्याने तिच्यात वेळ का दवडावा?" हा आक्षेप उभाच असतो. आज मी तिची वकिली करणार आहे आणि तीन पुस्तकांची नावे आपल्या कानांवर घालणार आहे.

वर्षाचा वाचननेम आपल्याला नवा नाही. श्रावण आला की आपल्याकडे अनेक घरांत 'नवनाथ भक्तिसार' लागतो. अध्याय चाळीस. त्यात मच्छिंद्रनाथ मासोळीच्या पोटी जन्मतात, गोरक्षनाथ बारा वर्षांनी उकिरड्यातून प्रकटतात, कानिफनाथ हत्तीच्या कानातून बाहेर येतात. याहून अद्भुत ते काय असावयाचे? तरीही घरातील वडीलधारे तेथे हात जोडून बसतात. आणि पोथ्या किती झाल्या हे तेथे कोणी मोजीत नाही; आजचा अध्याय चुकू नये, एवढीच काळजी असते. नेम दिवसाचा असतो, ग्रंथसंख्येचा नसतो. माझे सांगणे एवढेच आहे.

हिशेब करून पाहा. रोज वीस पाने वाचली तर वर्षाची ७,३०० पाने होतात. म्हणजे तीनशे पानांची चोवीस पुस्तके. मध्ये एखादे हजार पानांचे आले तर पुस्तकांचा आकडा खाली येईल, पण नेम मोडणार नाही.

आकडा हा शत्रू आहे, असेही मी म्हणत नाही. याच बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकशेआठ रामायणे रचली, असे सांगतात. पण पंतांनी नुसती संख्या भरली नाही. त्यांनी स्वतःला नवनव्या अटी घालून घेतल्या. 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटून उच्चारावयाचे एकही अक्षर नाही. 'म' हे अक्षरच वर्ज्य. म्हणजे रामायण सांगावयाचे आणि 'राम' म्हणावयाचे नाही! मोजणी असावी, पण अशी जागी असावी.

आता पुस्तके. पहिले टोल्किनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. मूळ ग्रंथ १९५४-५५ मधला. मुग्धा कर्णिक यांनी तो 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणला आहे. टोल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता. युद्ध त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. कथेतील अंगठी अमर्याद सत्ता देते, आणि ती नष्ट करण्यासाठी एक बुटका, साधा जीव तिला घेऊन निघतो. हाती आलेली सत्ता टाकून देणे किती कठीण, हे सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या या दोन तालुक्यांना मी सांगावयास नको.

दुसऱ्या पुस्तकासाठी इंदापूर तालुक्यातील पळसदेवला जाऊ. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसनाथाचे मंदिर वर येते, आणि बुडालेल्या गावाच्या आठवणीही वर येतात. सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०) ही कादंबरी वाचताना मला हे मंदिर आठवते. तिचा नायक एका अफाट वाड्यात राहतो. दालनांना अंत नाही, जिकडेतिकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र. भरती-ओहोटीचा हिशेब तो वहीत मांडतो. तो सुखी आहे. पण आपण पूर्वी कोण होतो, हे त्याला आठवत नाही. बुडालेले आयुष्य पुन्हा वर आले तर त्याचे काय करावे, हा प्रश्न धरणाकाठच्या माणसाला परका वाटणार नाही. शिवाय पुस्तक लहान आहे. संख्येची हौस असणाऱ्यांचीही सोय होईल.

तिसरे पुस्तक श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांचे, 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३). त्याला नेब्युला पुरस्कार मिळाला आहे. नायक जन्मताच आई त्याची सावली तोडून टाकते आणि बापाचा वध करण्यासाठी त्याला वाढविते; बाप लोकांनी संतपदाला चढविलेला. ज्यांची 'निवड' होता होता राहिली, अशांची एक मंडळीही या कादंबरीत जमते. धर्माच्या आणि राज्याच्या नावाने माणसांची वर्गवारी कशी होते, हे ती सावली हरवलेल्या तरुणाच्या डोळ्यांनी दाखविते.

म्हणूनच अद्भुत म्हणजे पळवाट, हे मला पटत नाही. रोजच्या सवयीने जे दिसेनासे होते, ते अद्भुत पुन्हा दाखविते.

यांतील दोन पुस्तके मी इंग्रजीतून सांगितली. त्याला उपाय आहे. पोथीला वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी रोजची वीस पाने वाचावीत आणि जेवणानंतर ती कथा मराठीत आजीआजोबांना सांगावी. पुराणिक घरातच तयार होईल.

आणि वर्ष सरले की नेमाचे उद्यापन करावे. पुस्तके किती झाली हे सांगत बसू नये. सर्वांत आवडलेले एक पुस्तक उचलावे आणि ज्याने वाचन सोडले आहे, अशा एकाच्या हाती ते द्यावे.