ग्रीनस्टेडचे लाकडी चर्च

इंग्लंडातील जुने चर्च म्हटले की दगडी भिंती, कमानी आणि उंच मनोरा डोळ्यांपुढे उभा राहतो. मी आज ज्या चर्चची हकिकत सांगणार आहे, त्याच्या भिंती मात्र लाकडाच्या आहेत. लंडनच्या ईशान्येला, एसेक्स परगण्यात, ऑंगर गावाजवळ ग्रीनस्टेड नावाची लहानशी वस्ती आहे. तिथले हे गावचर्च. युरोपातल्या जुन्यात जुन्या लाकडी चर्चांत त्याची गणना होते.

बांधणी अगदी साधी. ओकची खोडे उभी चिरायची आणि गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत, अशी एकाला एक लावून उभी करायची. पण दोन खोडांत फट राहिली, तर वारा नि पाऊस आत शिरणारच! म्हणून कडांना उभ्या खाचा पाडून त्यांत लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आहेत. सुताराने आतली बाजू तासून घेतली आहे. पुढे १५०० च्या सुमारास वेदीकडचा भाग विटांनी बांधला गेला. पश्चिमेस पांढऱ्या फळ्यांचा मनोरा आहे. त्यातल्या घंटेवर १६१८ हे साल आहे.

आता, लाकूड कुठे कुजते हे शेतकऱ्याला सांगायला नको. गोठ्याची मेढ वर खणखणीत असते आणि जमिनीलगत हाताने खरवडावी अशी होते. इथेही तेच झाले. १८४८-४९ साली जीर्णोद्धार झाला तेव्हा खोडांची कुजलेली बुडे कापून काढली, खाली विटांचे जोते घातले, त्यावर ओकची आडवी तुळई टाकली आणि खोडे तिच्यावर बसवली. त्याच वेळी छपरातल्या खिडक्याही नव्या केल्या. या खिडक्या मला तितक्याशा आवडत नाहीत. पण भिंती वाचल्या, त्या या कापाकापीमुळेच. अर्थात कापलेल्या बुडांबरोबर जुन्या सुताराच्या कामाच्या काही खुणाही गेल्या.

त्या काळी इंग्लंडात जीर्णोद्धाराची लाटच आली होती. गिलावा खरवडायचा, नंतरच्या काळातले काम पाडायचे आणि चर्च ‘मूळचे’ करायचे! याविरुद्ध विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. वेळच्या वेळी डागडुजी करा, पण नवे काम जुने म्हणून उभे करू नका, असे तिचे सांगणे.

ग्रीनस्टेडला याचा प्रत्यय फार उशिरा आला. हे लाकूड इसवी सन ८४५ च्या सुमाराचे, असे बरीच वर्षे सांगितले जाई. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते; अनुकूल वर्षी रुंद, प्रतिकूल वर्षी अरुंद. वलयांचा हा क्रम इतर जुन्या ओकच्या लाकडांशी ताडून १९९५ साली नवा निष्कर्ष काढण्यात आला. ही झाडे तोडली गेली ती अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आगेमागे. सालीकडची वलये शिल्लक नसल्याने नेमके वर्ष मात्र सांगता येत नाही.

वय दोन शतकांनी कमी झाले खरे! पण १८४८ साली कुजकी बुडे कापण्याऐवजी सगळी खोडेच बदलून सुबक नवा ओक बसवला असता, तर मोजायला एकही वलय उरले नसते. त्या भिंतींच्या आत आजही उपासना चालते.