बेंझीनमध्यें विरणारा ध्वनि

ध्वनि द्रवांतून जातांना विरतो, एवढेंच सांगून मी वर्गांत पुढच्या धड्याकडे वळत असें. विरून तो जातो कोठें, हें एकाही मुलानें विचारलें नाहीं. विचारलें असतें, तर मीं १८४५ सालचें स्टोक्सचें उत्तर दिलें असतें: द्रवाच्या थरांच्या घर्षणानें त्याची उष्णता होते. तें उत्तर अपुरें होतें. सेकंदाला १ कोटी कंपनांची, कानांस ऐकूं न येणारी लहर बेंझीनमधून १ सेंटिमीटर गेली, कीं तिचा कंपविस्तार निम्म्याखालीं येतो. घर्षणाच्या हिशेबानें निघणाऱ्या शोषणाच्या हें सुमारें १०० पट आहे! पाण्यांत ही तफावत अवघी तिप्पट.

कारण रेणूच्या पोटांत आहे. लहरीनें द्रव दाबला गेला, कीं रेणूंची धांव वाढते. त्या शक्तीचा कांहीं वांटा टकरींवाटे रेणूंतील अणूंच्या थरथरीकडे जातो. बेंझीनमध्यें ही देवघेव सावकाश चालते. उसनी दिलेली शक्ति परत येते तों दाब ओसरूं लागलेला असतो; मग ती लहरीच्या कामास न येतां उष्णतेच्या खातीं जमा होते. टोल्यूईन म्हणजे बेंझीनलाच मेथिलची एक शेपटी जोडलेली; पण तेवढ्यानें देवघेव चपळ होते, आणि शोषण सुमारें दशांशावर येतें.